घड्याळ बरोबर कोणी केलं?

१

शनिवारी सकाळी सरावलीच्या सुका धोडीच्या घरातून धवलेरी नाहीशी झाली.

बाई जागेवरच होती. मैनाबाई पडवीत खांबाला टेकून डॉक्टरांनी मना केलेली तंबाखू मळत बसली होती. गेली ती तिची गाणी, आणि ती ठेवली होती टीव्हीखालच्या काळ्या डब्यात.

वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. ती एक ओळ गाते, बाया तिच्यामागे म्हणतात, आणि गाणी संपतात तेव्हा समोरची दोघं नवराबायको झालेली असतात. मैनाबाईने या पट्ट्यातली कितीतरी लग्नं अशी लावली होती. दिवाळीनंतर तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. पण घसा बसायला लागला तेव्हाच सुकाच्या पुतण्याने, नीलेशने, तिला टीव्हीसमोर बसवून कराओकेच्या माइकवर सगळे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, थेट डब्यात भरून घेतले होते. डबा म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर. त्याच्यावर घर पिक्चर बघायचं आणि सिरियली रेकॉर्ड करायचं. आता असं ठरलं होतं, की सुकाच्या मुलीचं, दीपालीचं, लग्न हा डबा लावणार. सुकाच्या बायकोने, जमुनाकाकीने, त्याला हळदकुंकू लावून तसं सांगितलंही होतं. डब्याने हरकत घेतली नव्हती.

लग्न रविवारी. शनिवारी सकाळी बाया तांदळाचं पीठ भिजवून भिंतीवर लग्नाचा देवचौक लिहायला बसल्या. चौक लिहितानाही धवला लागतो. नीलेशने रिमोट दाबला. पडद्यावर रेकॉर्डिंगची यादी उघडली आणि तीत एकही धवला नव्हता.

नीलेशने पुन्हा दाबला. बायांच्या बोटांवरचं पीठ सुकायला लागलं.

सुका उठला. कंपनीत त्याचा आवाज पंपाच्या वरून ऐकू जातो असं म्हणतात. घरात पंप नव्हता.

"धवला नाय, तं लगीन नाय," तो म्हणाला. मग नीलेशकडे वळला. "डबा तुज्याशिवाय कोनाला कलतो या घरात? बॅग भर."

दीपाली मोरीत गेली, दार लावलं आणि पालघरला फोन केला.

"रिद्धे," ती म्हणाली, "माझं लग्न डिलीट झालं."

२

रिद्धी तामोरे पालघरला एका विमा कंपनीत बुडालेल्या बोटी तपासायची. मालक सांगायचा, बोट बुडाली. रिद्धी शोधायला निघायची. बऱ्याच बोटी दुसऱ्या बंदरात, नव्या रंगात, मजेत तरंगताना सापडायच्या. सात वर्षं हे केल्यावर तिचा एवढाच निष्कर्ष होता, की हरवलेली वस्तू बहुतेक वेळा हरवलेली नसते आणि रडणारा माणूस बहुतेक वेळा मालक असतो. दीपाली तिची कॉलेजची मैत्रीण. तिने स्कूटर काढली.

अंगणात सुका मांडव उभा करत होता. लग्न होणार नाही असं त्यानेच जाहीर केलं होतं, पण अर्धा मांडव सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. लोखंडी पाइपांचा एकेक नट तो पान्ह्याने आवळत होता आणि खिशातल्या पिवळ्या मार्करने त्याच्यावर रेघ मारत होता, जणू मांडवाची हजेरी घेत होता.

"काका, काय झालं?"

"पुतन्याला सांबाललं," सुका पान्हा न थांबवता म्हणाला, "ते झालं."

"पण नीलेश कशाला पुसेल?"

"त्याला इचार. माज्या पोरीच्या लग्नात याला काय दुखलं ते त्याला इचार. तुजं काय ते संद्याकालपर्यंत आटप. पाच वाजता पावने येतील. त्यांना मी सांगनार हाय, लगीन नाय."

"नवरामुलगा काय म्हणतो?"

"सुजीतला कोन इचारते?" सुकाने पुढचा नट धरला.

रिद्धी आत गेली. भिंतीवर चौकाच्या दोन पांढऱ्या रेघा ओढून सोडल्या होत्या. बाया भिजवलेल्या पिठाभोवती गप्प बसल्या होत्या, एखाद्या मयताला बसावं तशा. रिद्धीने टीव्ही लावला. डबा गुरगुरला आणि पडदा उजळला. कोपऱ्यात तारीख आणि वेळ आली.

आजची. शनिवार. सकाळचे साडेअकरा.

गेलं वर्षभर ती या घरी आली, की हेच. कधीही या, टीव्ही लावला की डबा सांगायचा, आज एक जानेवारी दोन हजार दहा. सगळ्यांना सवय झाली होती. दीपालीने तर एकदा केकही आणला होता.

रिद्धीने डब्याची पिन काढली, दहा श्वास मोजले आणि परत लावली.

शनिवार. साडेअकरा वाजून गेले होते.

म्हणजे या घरात काहीतरी बरोबर झालं होतं. आणि रिद्धीच्या अनुभवात आपोआप बरोबर काहीच होत नाही.

३

नीलेश आतल्या खोलीत बॅग भरत होता. त्याचे आईबाप तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून तो इथेच वाढलेला. बॅगही घरातलीच होती. तिच्यावर सुकाच्या कंपनीचं नाव होतं.

"घड्याळाचं काय?" रिद्धीने विचारलं.

"घड्यालाचं काय?"

"बरोबर चाललंय."

नीलेशच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "नाय चालणार. आतला सेल मेलाय त्याचा. बटनासारका सेल असतो, डबा बंद असला का तो घड्याल सांबालतो. तो मेला का डबा सगलं विसरतो. चालू केला का पुन्ना एक जानेवारी. मी सेल टाकतो टाकतो म्हणत होतो, वर्स गेलं."

"तू टाकला नाहीस?"

"नाय. आईशपत नाय."

"काल कुठे होतास?"

"टेंपोवर. डिलिव्हरी होती मनोरला, रात्री आलो. शुक्रवारची सुट्टी एमायडीसीवाल्यांना, मला कुटली?"

"आपोआप काही पुसलं जातं का त्यात?"

नीलेशने कपाळाला हात लावला. "जातं. काकीच्या सिरियलींनी डिस्क भरायची, म्हणून पैल्याच दिवशी मी तसं ठेवलेलं. रेकॉर्डिंग वर्साच्या वर जुनं झालं, का डबा सोता उडवतो. पण धवले दिवालीतले, रिद्धीताय. तीन-चार महिने पन नाय झाले."

"परत आणता येतील?"

"स्टेशनजवळच्या दुकानवाल्याला फोन केलेला. म्हणतो मंगलवारी आन, बगू." तो खाली बघत राहिला. "काकाला वाटते मी केलं. मी कशाला करू? तिचा घसा बसत चाललेला, मीच म्हटलं, भरून ठेवू. मीच."

रिद्धीला त्याच्याकडे बघवेना. ती बाहेर आली तेव्हा जमुनाकाकी दाराआडच उभी होती. तिने रिद्धीचा हात धरून तिला चुलीपाशी ओढलं.

"एक सांगू? कोनाला सांगू नको. लाज वाटते."

 विम्याच्या कामात हे वाक्य ऐकलं की पुढे एक बोट निघायची.

"सांगा."

"माज्या सिरियली पन गेल्या," जमुनाकाकी कुजबुजली. "सगल्या. वर्साच्या. पोरीचं लगीन मोडायला आलंय आनि मी सिरियलीसाटी रडू का? म्हनून गप रायले. पन ती मोटी सून दुसऱ्यांदा मेली, तो भाग मी अजून पायलाच नवता गं. काल रात्रीचा महाभाग तेवडा मी नवा भरला, तो हाय. बाकी काय नाय."

रिद्धीने तिच्याकडे बघितलं. धवले पुसायचे असते तर धवले पुसायचे. मेलेल्या सुनेवर कोणाचा एवढा राग असणार?

४

धर्मेश दुपारीच आला. नवऱ्यामुलाचा मोठा भाऊ. पालघरला त्याचं मोबाइलचं दुकान, डोळ्यांवर घरातही गॉगल. त्याला लग्न बोईसरला हॉलमध्ये हवं होतं, भटजी आणि बँडसकट. सुकाने धवल्याचा हट्ट धरला आणि सुजीतने सासऱ्याची बाजू घेतली, म्हणून तो हरला होता. हरलेला माणूस शनिवारी दुपारी एवढा खुशीत का, हे रिद्धीला बघायचं होतं.

"मला आधीच माहीत होतं," धर्मेश खुर्चीत बसत म्हणाला. "मशीनवर भरवसा ठेवायचा नसतो. मी मशीनच विकतो, मला इचारा."

"काल तुम्ही इथे आला होतात."

"साड्या द्यायला."

"या खोलीत एकटेच बसला होतात म्हणे."

"हं."

"डब्याला हात लावलात?"

धर्मेशने गॉगल काढला. गॉगलमागे डोळे होते आणि ते घाबरले होते.

"पिन काढली," तो म्हणाला. "मोबाइल चार्ज करायचा होता, दुसरा पॉइंट नव्हता. डबा बंद झाला. नंतर पिन परत लावली. सुकामामांना सांगू नका. पिन काढल्याने जातं का सगळं?"

"तुम्ही मशीन विकता ना?"

"विकतो. उघडत नाय."

"पिन काढल्याने नाही जात. परत लावलीत तेव्हा तारीख काय होती?"

"नीट होती की. मी म्हटलंसुद्धा, मामा, आज तुमचा टीव्ही शुद्धीवर आलाय." तो थोडा ओशाळला. "साखरपुड्याला मी मजाक केली होती ना. टीव्हीवर दोन हजार दहा. म्हटलं, मामा, तुमच्याकडे उजाडायला अजून पंधरा वर्षं हायेत. सगळे हसले."

"काका हसले?"

धर्मेशने आठवून बघितलं. "नाय," तो म्हणाला.

तेवढ्यात पडवीतून एक विचित्र आवाज आला. सायकलच्या पंपातून हवा सुटावी तसा. रिद्धी धावत बाहेर आली. मैनाबाई खांबाला टेकून बसली होती, तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रिद्धी तिच्यासमोर वाकली.

बाई रडत नव्हती. बाई हसत होती. डब्याकडे बोट दाखवून, आवाज नसलेल्या घशाने, पोट धरून हसत होती.

५

आवाज गेलेल्या बाईची साक्ष कशी घ्यायची, हे विम्याच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

"मैनाआय, तू पुसलेस?"

मैनाबाईने अशी मान हलवली, की त्यात नाही होतं आणि शिवाय रिद्धीच्या अकलेवर थोडं मत होतं.

"मग हसतेस का?"

मैनाबाईने डब्याकडे बोट केलं, मग बायांकडे, मग आपल्या कानाकडे. मग हात झटकला. रिद्धीला काहीच कळलं नाही. चार वाजत आले होते. अंगणात सुकाने शेवटचा पाइप उचलला होता.

ती परत डब्यापाशी गेली. विचार करून सुचत नसेल, तेव्हा वस्तूकडे बघावं. बोट तपासताना ती तेच करायची. डबा उचलून तिने पाठ बघितली. झाकणाला चार स्क्रू. प्रत्येक स्क्रूवर पिवळा डाग.

हळद.

रिद्धी जमिनीवरच बसली. काल संध्याकाळी या घरात हळद लागली होती. कोपरापर्यंत पिवळे हात या घरात एकीचेच होते. आणि सकाळी फोनवर तीच म्हणाली होती, माझं लग्न डिलीट झालं. रडत नव्हती ती. तेव्हा रिद्धीला वाटलं होतं, धक्का बसलाय.

दीपाली दारात उभी होती.

"काय मिळालं?" तिने विचारलं.

"दीपे," रिद्धी हळू म्हणाली, "तुला हे लग्न करायचंय ना?"

"म्हणजे?"

"खरं सांग. नसेल करायचं तर मी बघते काय ते. पण नीलेशला घराबाहेर काढून नको."

दीपालीने डब्याकडे बघितलं, पिवळ्या डागांकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं. 

"तुला वाटतं मी?" ती म्हणाली. "रिद्धे, सुजीतसाठी मी दोन वर्षं बाबांशी भांडले. त्याच्या भावाशी भांडले. आज त्याला फोन करून काय सांगू, हे कळत नाही म्हणून सकाळपासून मोरीत बसलेय. आणि तू..." ती थांबली. मग वळली, मोरीत गेली आणि साबणाची वडी घेऊन आली. वडी तिने रिद्धीच्या हातात आपटली. "धू. हळद साबणाने लाल होते. झाली लाल तर मी केलं."

रिद्धीने बोट ओलं केलं, साबणावर फिरवलं आणि पहिला डाग चोळला. 

डाग पिवळाच राहिला. पुसलाही नाही, लालही झाला नाही.

"सॉरी," रिद्धी म्हणाली.

"नंतर," दीपाली म्हणाली. "आता पुढचं बघ."

रिद्धीने नीलेशला हाक मारली. त्याने स्क्रूड्रायव्हर लावून पहिला स्क्रू फिरवला. तेव्हा कुठे तिला दिसलं, तो डाग नव्हताच. ती एक सरळ रेघ होती, स्क्रूच्या डोक्यावरून झाकणावर ओढलेली. स्क्रू फिरला आणि रेघ तुटली. अर्धी स्क्रूवर, अर्धी झाकणावर.

झाकण निघालं. आत धूळ होती, झुरळाचं एक रिकामं घर होतं, आणि मधोमध नवाकोरा चकचकीत बटण सेल.

अंगणात पान्ह्याचा आवाज थांबला. सुकाने मार्करचं टोपण उघडलं होतं. टक.

६

पाच वाजता मांडव पूर्ण झाला आणि तो मोडायची वेळ झाली. धर्मेश खुर्चीत होता. बाया दारात. नीलेश बॅग घेऊन फाटकापाशी उभा होता, बोईसरकडे जाणारी रिक्षा बघत. मैनाबाई खांबाला.

सुका मधोमध उभा राहिला. "पावने," तो धर्मेशला म्हणाला, "माज्या घरात..."

"काका, एक मिनिट," रिद्धी म्हणाली. "आधी एक सांगा. या नटांवर रेघा कशाला मारता?"

सुका वैतागला. "आता हे काय? सवय हाय. कंपनीत नट आवलला का रेग मारायची. नट ढिला झाला, फिरला, का रेग तुटते. लांबून दिसतं. बावीस वर्सं मेंटनन्सला हाय मी, माज्या शेगडीवर पन रेग हाय."

"बरं. नीलेश, धवले डब्यात भरलेस तेव्हा डब्यावर तारीख कुठली होती?"

"दिवालीची..." नीलेश बोलता बोलता थांबला. "नाय. डब्यावर? एक जानेवारी दोन हजार दहा."

"म्हणजे डब्याने धवल्यांवर तारीख कुठली टाकली?"

"दोन हजार दहा." नीलेशने बॅग खाली ठेवली. "काकीच्या सिरियलींवर पन. सगल्यांवर."

"डबा दोन हजार दहातच राहत होता, तोवर धवले आजचे होते. रोज आजचे. काल कोणीतरी आत नवा सेल घातला आणि घड्याळ बरोबर केलं. मग धवले किती जुने झाले?"

"पंधरा वर्सं," नीलेश पुटपुटला. "आनि वर्साच्या वरचं..."

"डबा स्वतः उडवतो. त्यात मेलेली सून पण गेली." रिद्धी सगळ्यांकडे वळली. "धवले कोणीच पुसले नाहीत. या घरात काल एवढाच गुन्हा झाला, की कोणीतरी घड्याळ बरोबर केलं. ज्याने केलं त्याला डब्याचा हा नियम माहीत नव्हता. नियम फक्त नीलेशला माहीत होता, म्हणून धवले आत असताना त्याने तर कधीच केलं नसतं. आणि तो काल मनोरला होता."

"मग कोन?" धर्मेश म्हणाला. "मी फक्त पिन..." आणि जीभ चावली.

"काल शुक्रवार. एमआयडीसी बंद. घरी कोण होतं? साखरपुड्याला या घड्याळावरून कोणाला सगळे हसले होते?" रिद्धीने पाठीमागे लपवलेलं डब्याचं झाकण काढून समोर धरलं. चार भोकं, आणि प्रत्येक भोकापाशी पिवळ्या रेघेचा अर्धा तुकडा. "आणि स्क्रू आवळल्यावर त्यावर रेघ मारल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही?"

 सगळ्यांनी मांडवाकडे बघितलं. मांडवावर निदान चाळीस रेघा होत्या.

सुकाने झाकण हातात घेतलं. अंगठा रेघेवरून फिरवला. त्याचा आवाज आला तेव्हा पुढच्या बाईलाही तो नीट ऐकू गेला नाही.

"ऑडिट असलं का आमी सगली घड्यालं बरोबर करतो," तो म्हणाला. "सायब आला, भिंतीवरचं घड्याल मागं दिसलं, का म्हनतो यांचं सगलंच मागं. उद्या सगले पावने डब्याकडंच बगनार होते. धवला वाजनार, सगले तिकडंच बगनार. आनि वर दोन हजार दहा." त्याने धर्मेशकडे बघितलं नाही. "म्हटलं, पोरीच्या लग्नात तरी माजं घर आजचं दिसू दे."

"मला सांगायचंस, काका," नीलेश म्हणाला. "धवले बाजूला काढून मी टाकला असता सेल."

"तुला सांगितलं असतं तर तुला कललं असतं, मला लागलं म्हनून."

सुका फाटकापाशी गेला. त्याने बॅग उचलली, मांडवात आणून जमिनीवर ठेवली आणि उघडली. मग एकेक शर्ट काढून वळणीवर टाकायला लागला. धुतलेले, वाळलेले, घडी घातलेले शर्ट त्याने परत वाळत घातले. माफी तो मागू शकला नाही. नीलेश थोडा वेळ बघत राहिला, मग चिमटे द्यायला लागला.

७

"चोर सापडला," धर्मेश म्हणाला, "पण धवला कुठंय?"

हे खरं होतं. रिद्धीला पहिल्यांदाच वाटलं, की बोट सापडली तरी ती तरंगेल असं नाही. दीपाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि बापाकडे बघत होती. धवला नाय तं लगीन नाय, हे वाक्य त्याचंच होतं, आणि सुका धोडी बोललेलं वाक्य मागे घेत नाही हे सरावलीला माहीत होतं.

"भटजी सांगू?" धर्मेशने फोन काढला. "सांगतो. अजून वेळ हाय."

पडवीतून पुन्हा तो हवा सुटल्यासारखा आवाज आला.

"मैनाआय, अगं काय हसतेस!" दीपाली ओरडली. तिचा बांध फुटला होता.

मैनाबाईने दुपारचंच केलं. बोट डब्याकडे, मग बायांकडे, मग कानाकडे, मग हात झटकला. रिद्धी जमुनाकाकीकडे वळली. "काकी, काय म्हणतेय ती?"

जमुनाकाकीने नजर टाळली. "ती बरोबर म्हनते. परवा आमी डब्याच्या मागं म्हनून बगितलं. जमतच नाय. आमी गान्याची वल उचलायच्या आदी तो पुडं जाते. माइकवर म्हनताना ती एकटीच होती ना, थांबली असती कोनासाटी? डबा बायांसाटी थांबत नाय. उद्या तो पलाला असता पुडं आनि आमी मागं धावलो असतो. लगीन अर्द्यावर अडकलं असतं."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"यांनी डबा बरोबर चालते म्हनून सांगून टाकलेलं."

सगळ्यांनी सुकाकडे बघितलं. सुकाने डब्याकडे बघितलं. डब्याचं झाकण उघडं होतं आणि तो लग्न लावण्याच्या मनःस्थितीत दिसत नव्हता.

"काकी," रिद्धी म्हणाली, "तुम्ही मैनाआयच्या मागे किती वर्षं म्हणताय?"

"लगीन होऊन आले तवापासून."

"मग तुम्हाला सगळे येतात."

"मागचं येतं," जमुनाकाकी घाबरून म्हणाली. "पुडचं नाय येत. पयली वल तीच देते. मी कशी देऊ? मी धवलेरी हाय का?"

मैनाबाई हसायची थांबली. तिने तंबाखूची चिमूट गालात धरली आणि सुकाकडे बघत राहिली.  मग सुकाच्या ध्यानात आलं.

तो आत गेला. सुपात तांदूळ, हळद, कुंकू घेऊन बाहेर आला. बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस मैनाबाईसमोर मांडी घालून बसला.

"मैनाआय," तो म्हणाला, "डब्याला बोलावलं. तुला बोलवायचं रायलं."

मैनाबाई लगेच उठली नाही. तिने तंबाखू पूर्ण केली. पाणी मागवलं, चूळ भरली, पदर नीट केला. धर्मेशचा अंगठा फोनवर तसाच थांबला होता. दीपालीने चौकट सोडली नव्हती.

मग मैनाबाईने कपाळ पुढे करून सुकाकडून कुंकवाचं बोट लावून घेतलं, हात टेकवत उठली, आत गेली आणि चौकाच्या भिंतीपाशी जमुनाकाकीला खेचून शेजारी बसवलं. तिचा डावा दंड घट्ट पकडला. दुसरा हात तिने स्वतःच्या ओठांपाशी नेला आणि ओठ हलवले. आवाज नव्हता. ओळ होती.

जमुनाकाकीने तिच्या तोंडाकडे बघितलं.  आणि पहिली ओळ दिली, कापऱ्या, बारीक आवाजात, एका जागी चुकीची. मैनाबाईने चिमटा काढला. जमुनाकाकी "आय गं!" म्हणाली, आणि मागच्या बाया तेही म्हणाल्या. मग सगळ्या थांबल्या, हसल्या, आणि ओळ पुन्हा सुरू झाली. बरोबर. बाया मागे म्हणाल्या. कोणीतरी पिठात बोट बुडवून भिंतीवर तिसरी रेघ ओढली.

दीपालीने मोरीत जाऊन फोन लावला. दार लावायला ती विसरली, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "सुजीत? उद्या लवकर ये. हो, आहे. आहे रे लग्न."

धर्मेशने फोन खिशात ठेवला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली, नीट ऐकू यावं म्हणून.

रविवारी दुपारी धवले संपले आणि दीपाली व सुजीत नवराबायको झाले. तोवर जमुनाकाकीचा डावा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत काळानिळा पडला होता. ती तो दोन दिवस पदर सारून सगळ्या सरावलीला दाखवत होती.